बंद घरांची चिमाबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, चिमाबाईंना, दुपारी घरात बसवत नाही. जेवण झालं, ताट घासलं, की छत्री काखेत मारायची आणि गावातली कुलपं बघत हिंडायचं. ऊन असो नसो, छत्री हवीच, कारण छत्रीच्या टोकानं कुलूप हलवून बघता येतं. कुणी विचारलं की कुठं निघालात, तर उत्तर ठरलेलं, पाय मोकळे करायला. तीस वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतेय. त्यांचे पाय बांधलेले मी तरी कधी पाहिले नाहीत.

आमच्या आळे गावात कुलपांना तोटा नाही. पोरं चाकणला, भोसरीला, पुण्याला. गावात घर बांधायचं, फरशी बसवायची, वास्तुशांतीला अख्ख्या गावाला जेवू घालायचं आणि कुलूप लावून निघून जायचं. मग जत्रेला दोन दिवस उघडायचं, जाळी काढायची, फोटो काढायचे, परत कुलूप. आणि दुसरीकडं वरच्या अंगानं, डोंगरातल्या आहुप्याच्या बाजूनं कामाला खाली उतरलेली माणसं. कांदा लावायला तीच, काढायला तीच, निवडायला आणि गाड्या भरायलाही तीच. पण त्यांनी राहायला खोली मागितली की गाव कानावर हात ठेवतं. पोरं आहेत म्हणे, भिंती खराब करतात. जशी काही आमची पोरं भिंतींना हार घालत होती.

मी अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळं मला हे सगळं हजेरीतच दिसतं. सोमवारी काट्यावर उभं राहून वजन दिलेलं पोर गुरुवारी नसतं. चौकशी केली की कळतं, खोली सोडायला लावली. मग मोबाईलवर त्या पोराच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असं निवडायचं असतं. चिमणीएवढं लेकरू, ते कुठलं स्थलांतर करतंय? पण मोबाईलला तोंड नाही आणि मी भांडणार कुणाशी, म्हणून मी घरी येऊन जाऊबाईंपाशी बडबडायचे. ती माझीच चूक. त्यांच्या कानात काही घालणं म्हणजे बारवेत दगड टाकणं नव्हे, की टाकला आणि विसरलो.

त्यांनी एक युक्ती काढली. बंद घराच्या मालकाला फोन लावायचा आणि आवाज बारीक करून सांगायचं, की बाबा, तुझ्या घराला वाळवी लागलीय. चौकटीपर्यंत आलीय. घरात रोज चूल पेटली, माणसाचा वावर असला तर थांबेल, नाहीतर दार हातात येईल. मालक घाबरायचा. साहजिकच आहे, चौकट सागवानी. मग जाऊबाई उसासा टाकून म्हणायच्या, तशी माणसं आहेत माझ्या ओळखीची, सांगून बघते, पण ती येतात का नाही कुणास ठाऊक. म्हणजे उपकार मालकावर! अशी पाच कुटुंबं त्यांनी बारा वर्षांत पाच घरांत घातली. त्यातल्या दोघांची पुढं घरकुलं झाली, एक नारायणगावला दुकान चालवतो.

वाळवी जुनी झाली तेव्हा बाईंनी बिबट्या काढला. आमच्याकडं बिबट्या ही काही नवलाची गोष्ट नाही, उसात असतोच. पण त्यांनी कुशाबाच्या पोराला भोसरीला फोन करून सांगितलं, की तुझ्या पडवीत मादी बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. ते पोरगं शहाणं निघालं. त्यानं घर कुणाला दिलं नाही, सरळ वनखात्याला कळवलं. पिंजरा आला, पिंजऱ्यात शेळी आली, माणसं आली, बाया लेकरं कडेवर घेऊन बघायला आल्या. चार दिवस शेळी ओरडत होती आणि आमच्या बाई दाराआड. शेवटी पिंजऱ्यात सापडला तो धर्माजीचा कुत्रा. त्या दिवसापासून चिमाबाईंच्या फोनवर गावातलं शेंबडं पोरही विश्वास ठेवीना.

मी म्हटलं, मग आपल्याच घरात ठेवा की कुणाला. त्याचीही वाट बंद झाली होती. एका दिवाळीला त्यांचा सूरज चाकणहून आला, तर त्याच्या पलंगावर तीन लेकरं आडवी झोपलेली. त्यानं आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की यापुढं या घरात तुझ्याबरोबर परकं माणूस राहणार नाही. एकुलता एक पोरगा. बाईंनी शपथ घेतली आणि आठ दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

आता खरं सांगायचं तर ते घर म्हणजे त्यांचा जीव. चिमाबाईंचं माहेर धरणात गेलं. लग्नाआधीच्या वर्षी बापानं ट्रॅक्टरवर भांडीकुंडी भरली, यांना वर बसवलं आणि मागं वळून बघू नको म्हणाला. यांनी बघितलं. अजून दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्या एकट्या जातात, उघड्या पडलेल्या जोत्यावर तासभर बसतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. आळ्यात सून म्हणून आल्या त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं म्हणे, की एकदा घर सोडलं, आता या उंबऱ्याबाहेर मी एक रात्र झोपणार नाही. आणि नाहीच झोपल्या. सूरजच्या फ्लॅटवर सुद्धा सकाळी जातात आणि दिवेलागणीला घरी हजर. या हट्टाची भावकीत सगळे थट्टा करतात, मी सगळ्यांत जास्त.

तर मागच्या वर्षी गोष्ट आली बाळासाहेबांवर. बाळासाहेब आमचा चुलत पुतण्या. गावठाणातल्या घराला भलं मोठं पितळी कुलूप लावून फाट्याजवळ बंगल्यात राहायला गेलेला. त्याच्या कुलपाला बाईंनी कधी वाळवी लावली नाही, कारण तो दोन मिनिटांत गाडीवर येऊन बघून गेला असता. रस्त्याला त्याच्या पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. त्या पाडून त्याला गाळे काढायचे होते. चौघं भाडेकरू निमूट निघून गेले. पाचव्या खोलीत संपत होता, आहुप्याचा. बाजारात कांद्याच्या गाड्या भरायचा. बायको अश्विनी कांदा निवडायला जायची. थोरली प्राची चौथीत, धाकटा शौर्य माझ्या अंगणवाडीत.

संपतनं महिनाभर खोली शोधली. कुठं पोरं नकोत, कुठं चूल नको, कुठं नुसतंच नको. गावाकडं घर आहे त्याचं, पण घर खाता येत नाही. शेवटी त्यानं ऊसतोडीच्या टोळीला होकार दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. म्हणजे चार-पाच महिने पालात राहायचं, आणि प्राचीची शाळा सुटली ती सुटलीच, ती तिथं भावाला सांभाळणार. प्राची माझ्याकडं आली. पोरगी बोलायला धीट. म्हणाली, "बाई, शौर्यचं नाव कापू नका. आमी परत येणार हाय." मी हो म्हटलं. घरी आले आणि जाऊबाईंपाशी रडले. ही पुन्हा माझीच चूक.

पितृपक्ष चालू होता, त्यामुळं बाळासाहेबाचं काम अडलेलं. त्यानं घटस्थापनेच्या दिवशी दहा वाजता जेसीबी सांगून ठेवला होता. चांगला दिवस, नव्या कामाला उत्तम. संपतनं आदल्या संध्याकाळी निघायचं आणि ट्रक येईपर्यंत कुठंतरी पडवीत पडायचं, असं ठरलं होतं.

आमच्या भावकीचा घट एकच. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, तरी देव थोरल्याच्या घरी आणि घटही तिथंच. म्हणजे चिमाबाईंकडं. थोरले दीर गेल्यापासून पूजा माझ्या मालकांच्या, दादाभाऊंच्या हातची. त्या सकाळी आंघोळ करून, नवी साडी नेसून मी शेजारी गेले, तर देवघर रिकामं. टाक नाहीत, परडी नाही, समई नाही. मागोमाग सगळी भावकी आली, सोवळ्यात. बाळासाहेबही आला, अनवाणी, कारण तो नऊ दिवस पायात काही घालत नाही. सगळे एकमेकांकडं बघतायत. मी मालकांना शोधतेय, तर मालकही नाहीत.

मालक सापडले बाळासाहेबाच्या पाचव्या खोलीत. पहाटेच उठून डोक्यावर देव घेऊन गेले होते, आणि बायकोला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. बायकोला कळलं तर गावाला कळेल, असं बाईंनी त्यांना बजावलं होतं म्हणे. ते मी अजून विसरलेली नाही. खोलीत कोपऱ्यात चौरंग मांडलेला, परडीत काळी माती, तिच्यात पेरलेलं धान, वर पाण्याचं सुगड, तरवडाच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ लटकलेली आणि समई पेटलेली. बाईंनी आदल्या संध्याकाळी या बिऱ्हाडाला निघूच दिलं नव्हतं. अश्विनी बिचारी भिंतीला टेकून घामाघूम. चिमाबाई मात्र चौरंगाशेजारी अशा बसलेल्या की त्यांच्या सात पिढ्या तिथंच नांदल्या.

घट बसला की हलवता येत नाही. दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. घराला कुलूप घालायचं नाही. हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. तरी भावकीतले एक-दोघं कुरकुरले, आपले देव परक्याच्या घरी कसे? बाई म्हणाल्या, खोली बाळ्याची, बाळ्या भावकीतला, मग घर परक्याचं कसं झालं? तेवढ्यात जेसीबी आला. चालकानं दारातून आत पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले आणि बाळासाहेबाला सांगितलं की घट बसलेल्या खोलीला आपण पंजा लावणार नाही, दसऱ्यानंतर बोलवा. आणि तो नारळाचा प्रसाद घेऊन निघून गेला.

मग काय, नऊ दिवस सगळी भावकी सकाळ-संध्याकाळ त्या पत्र्याच्या खोलीत आरतीला. बाळासाहेब तर अनवाणी, दाढी वाढलेली, तापलेल्या खडीवरून स्वतःच्याच खोलीकडं उड्या मारत यायचा. तीन वर्षं भाडं खाल्लं, पण त्या खोलीच्या आत त्याचं पाऊल पहिल्यांदाच पडलं होतं. मी त्याला मुद्दाम आत, मधोमध बसवायचे.

पाचव्या माळेला संध्याकाळी पाऊस आला. पत्रा दोन ठिकाणी गळायला लागला आणि त्यातली एक धार थेट समईवर. आम्ही मोठी माणसं नुसती अरे अरे करत राहिलो. प्राचीनं कोपऱ्यातली परात उचलली आणि दिव्यावर धरून उभी राहिली. हात भरून आला की दुसरा हात. गळती कुठं पडते हे तिला पाठ होतं, कारण रोज तीच परात ती झोपलेल्या भावाच्या अंगावर धरायची. हे तिनं आम्हाला अगदी सहज सांगितलं. बाळासाहेब उठला, भर पावसात अनवाणी पत्र्यावर चढला आणि अर्ध्या तासात ताडपत्री बांधून खाली आला. गळती थांबली. मला राग गिळवेना. देवीसाठी जी गळती अर्ध्या तासात थांबते, ती लेकरांसाठी तीन पावसाळे का थांबली नव्हती? मी हे तिथंच बोलले, सगळ्यांदेखत. तो खाली मान घालून डोकं पुसत राहिला.

दसऱ्याला घट उठला. धान वीतभर वाढलं होतं. पुरुषांनी टोपीत तुरे खोवले. बाळासाहेब म्हणाला, झालं ना देवीचं, आता उद्या जेसीबी येईल. संपतची पोती बांधूनच होती. तेव्हा बाईंनी नवीन रीत काढली, की घट ज्या जागी बसला तिथं वर्षभर सांजेचा दिवा लागला पाहिजे, नाहीतर देवी रुसते. अशी रीत मी तरी जन्मात ऐकली नव्हती, आणि बाळासाहेबही काही दूधखुळा नाही. शेरास सव्वाशेर भेटला.

"बरं काकी," तो म्हणाला. "पण देव थोरलीच्या घरी ऱ्हात्यात, ही आपली खरी रीत. देव हितं असतील तर थोरलीनंबी हितंच ऱ्हायचं. तुमी या खोलीत ऱ्हायला या, वर्षभर पत्र्याला हात लावत न्हाई. न्हाईतर देव घरी घिऊन जा."

सगळे हसले. मीही हसले, कारण डाव बिनतोड होता. चिमाबाई उंबऱ्याबाहेर झोपत नाहीत हे अख्ख्या आळ्याला माहीत. त्या खाली बघत बसल्या. संपत पोत्याची गाठ आवळत होता आणि प्राची दप्तर कुठल्या पोत्यात घालायचं ते विचारत होती.

"बरं," चिमाबाई म्हणाल्या.

कुणाला खरं वाटलं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, बाई, थट्टा पुरे, तुम्हाला तिथं झोप लागायची नाही. मला बाजूला सारून त्या म्हणाल्या, या वयात झोप कुणाला लागती. जाताना आपल्या घराची किल्ली अश्विनीच्या हातात दिली, पाणी कधी येतं ते सांगितलं, आणि उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडून गेल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, रिकामा परत गेला. रात्री सूरजचा फोन आला, तारस्वरात. शपथ मोडली म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, मोडली कुठं? माझ्याबरोबर परकं माणूस राहायचं नव्हतं. मी तिथं हाय कुठं?

माझ्या भिंतीपलीकडं आता शौर्य उड्या मारायचा आणि प्राची पाढे म्हणायची. पण पहाटे बाईंच्या खाकरण्याचा आवाज यायचा, तो नव्हता. तीस वर्षं ज्या आवाजानं माझी झोपमोड झाली, त्याच्यावाचून मला जाग येईना. मी रोज भाकरी घेऊन खोलीवर जायचे. बाई दिसायला ठणठणीत, पण डोळे आत गेलेले. एकदा खरं सांगा म्हटलं, तर म्हणाल्या की डोळा लागला की ट्रॅक्टर दिसतो. आणि लगेच विचारलं, प्राची जाती ना शाळंत?

तिथून मी थेट बाळासाहेबाच्या बंगल्यावर गेले. चहा दिला, तो घेतला नाही. फाट्यावर लोक त्याला बोलतच होते, चुलतीला पत्र्यात ठेवलं म्हणून, आणि तो सांगायचा की त्या स्वतःच गेल्यात. मी त्याला एवढंच सांगितलं, की तुझी काकी दोन आठवडे झोपलेली नाही आणि हे तिनं कुणाला सांगू नको म्हटलंय. आणि परत आले. वाटेत मला माझाच राग आला, कारण त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले, तर बाळासाहेब दारात उभा. पायात चपला होत्या, त्या त्यानं बाहेर काढल्या. खिशातून पितळी कुलपाची किल्ली काढून चिमाबाईंसमोर धरली.

"काकी, माज्या गावातल्या घराला वाळवी लागलीय," तो म्हणाला. "रोज चूल पेटवणारं कुणीतरी बघून द्या."

बाईंनी किल्लीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "बिबट्याबी हाय का रं?"

"असंल. पडवीत."

त्या हसल्या नाहीत. किल्ली पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाल्या, बघते, माणसं येतात का.

दोन दिवसांत संपतचं बिऱ्हाड त्या घरात गेलं. बाळासाहेबानं वर्षाचा कागदही करून दिला. शौर्यचं नाव माझ्या हजेरीत आहे तिथंच आहे. पत्र्याच्या खोल्या पाडल्या, गाळे उभे राहतायत, आणि त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

चिमाबाईंची ट्रंक आणि देव मालकांनी परत आणले. दारापाशी येऊन बाई थांबल्या. कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं, आत अश्विनीनं जाताना चूल सारवून ठेवली होती. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आत बघत राहिल्या. मी म्हटलं, काय बघताय, तुमचंच घर आहे.

"सोडल्यालं घर परत मिळतं व्हय गं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरला.

मग आत गेल्या, फळीवर हात फिरवला आणि मिठाची बरणी जागेवर नाही म्हणून अश्विनीच्या नावानं ओरडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज आला आणि माझी झोपमोड झाली. मी पांघरुणात पडल्या पडल्या पोटभर रडून घेतलं.